‘उताऱ्यात नाही’ हा शेरा आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

प्रश्न : मी नाशिकमध्ये सातपूर भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला मराठी शिकवते. वर्गात ४८ मुले आहेत. बहुतेकांचे पालक कारखान्यांत कामाला जातात. काही मुले दिंडोरी, निफाडकडची असून येथे नातेवाइकांकडे राहून शिकतात. उताऱ्यात थेट सांगितलेले मुलांना नेमके सापडते. पण जे नुसते सुचवलेले असते ते ओळखायला सांगितले, की दोनच गोष्टी होतात. काही मुले उताऱ्यातील तीन-चार ओळी जशाच्या तशा उतरवून काढतात आणि बाकीची मनाला येईल ते लिहितात. ‘कशावरून?’ असे विचारले, की उत्तर येते, ‘मला वाटलं म्हणून.’ परवाच्या घटक चाचणीत मी स्वतः लिहिलेला एक छोटा उतारा दिला होता :

‘पहाटे तीनपासून पत्र्यावर थाडथाड आवाज येत होता. उजाडताच अण्णा बागेकडे गेले. परतले तेव्हा त्यांच्या चपला चिखलाने जड झाल्या होत्या. आईने पुढे केलेला चहा तसाच राहिला. भिंतीवरच्या कॅलेंडरात शुक्रवारभोवती लाल गोल केलेला होता, त्याकडे त्यांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, “व्यापाऱ्याला फोन कर. म्हणावं, शुक्रवारी येऊ नका.”’

प्रश्न होता : ‘अण्णांच्या बागेचे काय झाले असावे? कशावरून?’ एका मुलाने लिहिले, ‘अण्णा बागेत फिरायला गेले आणि चिखलात घसरून पडले.’ एका मुलीने लिहिले, ‘गारांनी द्राक्षांचे मणी तडकले. अण्णांनी बागेसाठी कर्ज काढले होते.’ कर्जाचा उल्लेख उताऱ्यात नसल्यामुळे मी ‘उताऱ्यात नाही’ असा शेरा मारून तिला तीनपैकी दीड गुण दिला. ती म्हणाली, ‘बाई, आमच्याकडे असंच असतं.’ तेव्हापासून मन स्वस्थ नाही. माझे चुकले का? आणि पुराव्यासह अनुमान करणे या मुलांना शिकवायचे तरी कसे? पोर्शन सांभाळून करता येईल, असे काही सांगावे.

— एक शिक्षिका, सातपूर

उत्तर :

प्रिय बाई,

गुण कापण्यात तुमचे चुकले नाही; शेऱ्यात चुकले. ‘कर्ज’ हा शब्द उताऱ्यात नाही, हे खरे. पण ‘गारा’ हा शब्द तरी उताऱ्यात कोठे आहे? द्राक्षे नाहीत, मणी नाहीत, नुकसान नाही. हे सारे मुद्दाम वगळूनच तुम्ही तो उतारा बांधला आहे, आणि चांगला बांधला आहे. म्हणजे तुमचाच शेरा काटेकोरपणे लावायचा झाला, तर त्या मुलीचे बरोबर असलेले पहिले वाक्यही बाद ठरते. मुलगी चतुर असेल तर यातून एवढाच बोध घेईल, की उताऱ्यात जे छापले आहे तेवढेच लिहावे. मग पुढच्या चाचणीत तीही ओळी उतरवून काढील, आणि तुम्ही मला दुसरे पत्र लिहाल, की चांगली मुलेसुद्धा हल्ली उतारा उतरवू लागली आहेत. अनुमान म्हटले की ते उताऱ्यात नसायचेच. उताऱ्यात असतो तो त्याचा पुरावा. तेव्हा शेरा हवा होता, ‘कर्ज कोणत्या ओळीवरून?’ असा. या शेऱ्याने पहिले वाक्य जागेवर राहते आणि जाब फक्त दुसऱ्या वाक्याला विचारला जातो.

आता मुलांना अनुमान करता येत नाही, या तुमच्या तक्रारीविषयी. मला ती पटत नाही. स्वयंपाकघरात भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटली जात असली, की आज सहलीचे पैसे मागायचे नाहीत, हे दुसरीतल्या पोरालाही कळते. मधल्या सुट्टीनंतर जिन्यावर वाजणाऱ्या चपलांवरून कोणत्या बाई येत आहेत हे मागचा बाक अचूक सांगतो. शितावरून भाताची परीक्षा करणे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मात्र हे सारे इतक्या झटकन होते, की आपण कोठून निघून कोठे पोचलो हे त्यांना स्वतःला दिसत नाही. ‘मला वाटलं म्हणून’ या उत्तरात उद्धटपणा नाही आणि आळसही नाही; ते अगदी प्रामाणिक उत्तर आहे. मुलाला खरोखरच तसे वाटलेले असते. ते कशामुळे वाटले, हे त्याने कधी थांबून पाहिलेले नसते, कारण पाहायला कोणी सांगितलेले नसते.

ही वाट आपल्या न्यायशास्त्राने पाच पायऱ्यांत मांडून ठेवली आहे : प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे; कारण तेथे धूर आहे; जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात; या पर्वतावरही तसाच धूर आहे; म्हणून तेथे अग्नी आहे. सातवीच्या मुलांना ही नावे सांगण्याचे काहीच कारण नाही. पण ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही मधली पायरी कोठून आली, हे आपण शिक्षकांनी नीट पाहून ठेवावे. ती पर्वतावर दिसत नाही. पाहणाऱ्याने ती घरून, चुलीजवळून, सोबत आणलेली असते. आणि तिच्यातच खोट असेल, तर पुढचे सगळे फसते : श्रावणात ब्रह्मगिरीच्या कड्याला अडकलेले ढगांचे पुंजके लांबून पाहणाऱ्याला धुरासारखेच दिसतात, पण त्र्यंबकमध्ये वाढलेले पोर त्यावरून डोंगराला आग लागल्याचे म्हणणार नाही.

वर्गापुरत्या या पाचांच्या तीन पायऱ्या पुरतात : उताऱ्यातील ओळ, आपल्याला आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट आणि त्या दोन्हींच्या जोडीतून निघालेला निष्कर्ष. तुमची काही मुले फक्त पहिली पायरी लिहितात (ती ओळी उतरवणारी), काही फक्त तिसरी लिहितात (ती ‘मला वाटलं’वाली), आणि मधली कोणीच लिहीत नाही. मी तिला ‘दुवा’ म्हणतो. ‘पत्र्यावर थाडथाड आवाज’ ही ओळ आहे. ‘साध्या पावसाचा आवाज सलग येतो, गारांचा थाडथाड येतो’ हा दुवा आहे. ‘गारा पडल्या असाव्यात’ हा निष्कर्ष आहे. दुवा लिहायला लागला, की मुलाला प्रथमच कळते की उत्तराचा अर्धा भाग कागदावरून आला आणि अर्धा आपल्या डोक्यातून.

म्हणूनच फिरायला गेलेल्या अण्णांचे उत्तर मला तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाटले. त्या मुलाला ‘बाग’ म्हणजे महापालिकेची बाग एवढेच ठाऊक असणार. त्याच्या घराजवळचे आजोबा पहाटे तेथेच जात असतील. निफाडच्या मुलीला ‘बाग’ म्हटले की द्राक्षांचीच बाग आठवते, दुसरी नाही. दोघांनी एकच ओळ वाचली. दुवे वेगळे निघाले. मुलाचे डोके नीट चालले आहे, शिदोरी तेवढी वेगळी आहे. अमेरिकेत १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला देऊन नेमके हेच तपासले होते. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा त्या वर्णनाचा अर्थ कितीतरी चांगला लावू शकली. तेव्हा असा उतारा देण्याआधी ‘आपल्याकडे द्राक्षबागेला नुसती बाग म्हणतात’ एवढे फळ्यावर लिहिणे म्हणजे उत्तर फोडणे नव्हे. ते न लिहिता घेतलेली परीक्षा आकलनाची राहत नाही, मुलाचा मामा कोणत्या गावचा आहे याची होते.

त्याच्या उत्तरावर तुम्ही काय लिहिले, ते पत्रात नाही. मी ‘चूक’ लिहिले नसते. मी त्याला विचारले असते, ‘अण्णा घसरून पडले, तर मग व्यापाऱ्याला शुक्रवारी येऊ नका असे का सांगितले?’ अनुमानाची ही एक कसोटी मुलांना लवकर कळते आणि आवडतेही : कोणती ओळ उरली? सगळ्या ओळी पोटात घेणारे अनुमान काही ओळी बिनकामाच्या म्हणून सोडून देणाऱ्या अनुमानापेक्षा भक्कम. चिखल आणि न प्यालेला चहा त्याच्या गोष्टीत बसतो. व्यापारी आणि लाल गोल बाहेर उभे राहतात. ते आत कसे घ्यायचे, याचा विचार करताना तो स्वतःच बागेचा दुसरा अर्थ शोधील किंवा शेजारच्याला विचारील. शिक्षकाने दुरुस्त करण्यापेक्षा उरलेल्या ओळीने दुरुस्त केलेले मुलाच्या अधिक काळ लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

आता ‘कशावरून?’ या शब्दाविषयी. आपण तो केव्हा उच्चारतो, हे एकदा आठवून पाहा. बरोबर उत्तराला ‘शाब्बास, बस खाली’ मिळते आणि चुकीच्या उत्तराला ‘कशावरून रे?’ मिळते. त्यामुळे सातवीत येईपर्यंत मुलाला पक्के ठाऊक झालेले असते, की हा प्रश्न नाही, हा निकाल आहे. तुम्ही विचारताच ते गप्प होते किंवा उत्तर बदलते. तेव्हा पंधरा दिवस एक पथ्य पाळा : बरोबर उत्तर आले की हमखास ‘कशावरून?’ विचारायचे, आणि चुकीचे आले तरी त्याच आवाजात, भुवई न हलवता विचारायचे. सुरुवातीला वर्गातील हुशार मुलेच गांगरतील आणि धडधडीत बरोबर असलेले उत्तर मागे घेतील. घेऊ द्यावे. मग एखादे चिवट पोर ‘नाही बाई, माझं बरोबरच आहे, ही ओळ बघा’ असे म्हणेल. त्या दिवसापासून तुमच्या वर्गात या शब्दाचा अर्थ बदलला असे समजावे.

हे मी मोठा शहाणा म्हणून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या वर्गातील एक मुलगा दर गुरुवारी पहिल्या दोन तासिका पेंगत असे. रात्री टीव्ही पाहत बसतो, असे मी मनाशी ठरवून टाकले, त्याला दोनदा बाकावर उभे केले आणि वडिलांना चिठ्ठी पाठवली. वडील आले, दाराशीच संकोचून उभे राहिले आणि म्हणाले, ‘गुरुजी, बुधवारी गोदाकाठच्या बाजारात आपलं लसणाचं दुकान असतं. माल आवरून घरी जायला बारा वाजतात, आणि पोरगं माझ्याबरोबर असतं.’ पेंगतो तो गुरुवारीच का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो वार माझ्याच हाताने तीन वेळा माझ्या टिपणवहीत लिहिलेला होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. पुरावा हाती असताना मी तो वाचला नाही, आणि टीव्हीचा पुरावा तर माझ्याकडे कधी नव्हताच.

वर्गात सुरुवात करताना उताऱ्यापेक्षा वस्तू बरी, कारण वस्तूवर बोट ठेवता येते. फळ्यावर दोन रकाने आखावेत आणि त्यांना ‘दिसते’ आणि ‘कळते’ अशी साधी नावे द्यावीत. हा भेद नाशिकच्या मुलांना समजावायला गोदाघाटापेक्षा चांगली जागा नाही. पावसाळ्यात तेथील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले, हे दिसते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला असावा, हे कळते. दिसणाऱ्या गोष्टीला ‘कशावरून?’ लागत नाही, हाताच्या काकणाला आरसा कशाला. कळणाऱ्या गोष्टीला मात्र प्रत्येक वेळी लागतो, कारण पाणी धरणाखाली पडलेल्या पावसानेही वाढलेले असू शकते.

मी वर्गात एक जुनी चप्पल नेत असे. उजव्या पायाची, पुरुषी, टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली, तळव्याला वाळलेल्या डांबराचा ठिपका, आणि अंगठा दोनदा शिवलेला, एकदा काळ्या दोऱ्याने आणि एकदा पांढऱ्या. मुले पहिल्या दमातच ‘गरीब माणसाची आहे’ असे ओरडत आणि ते ‘दिसते’च्या रकान्यात लिहायला सांगत. मी खडू खाली ठेवीत असे. ‘गरिबी कोठे दिसली? पुढे ये आणि बोट ठेव.’ पोर येऊन टाक्यांवर बोट ठेवी. मग टाके ‘दिसते’मध्ये जात आणि गरिबी ‘कळते’मध्ये. एवढ्यात कोणीतरी म्हणे, ‘सर, माझ्या आजोबांकडे पैसे आहेत, तरी ते चप्पल टाकत नाहीत.’ झाले; एकाच पुराव्यातून दोन अनुमाने निघाली, गरीब आणि काटकसरी, आणि चप्पल दोन्हींपैकी कोणाचीच बाजू घेईना. असा तिढा पडणे हाच त्या तासिकेचा लाभ. एका वर्षी एका मुलीने चप्पल खिडकीपाशी नेऊन बराच वेळ न्याहाळली आणि सांगितले, ‘काळा दोरा झिजलाय, पांढरा नाही. म्हणजे आधी काळा घातला.’ मला स्वतःला हे कधी सुचले नव्हते. त्या दिवशी फळ्यावर लिहिलेल्या सगळ्या अनुमानांत सर्वांत भक्कम तेच ठरले, आणि ‘गरीब माणूस’ या अनुमानापुढे ते किती लहान होते!

लहान पण भक्कम अनुमान आणि मोठे पण पोकळ अनुमान यांतला फरक मुलांना पटवायचा, तर आपल्या जिल्ह्यातच एक उत्तम उदाहरण आहे, आणि इतिहासात सातवाहन शिकलेली मुले ते सहज समजू शकतात. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचा ठसा पुन्हा मारलेला आहे. ठशाखालून नहपानाचा चेहरा अर्धामुर्धा डोकावतो. एका ठशावर दुसरा ठसा आहे, हे दिसते. वरचा ठसा नंतरचा, म्हणजे ही नाणी आधी नहपानाने पाडली आणि पुढे ती गौतमीपुत्राच्या सत्तेखाली आली, हे कळते. चपलेचा काळा आणि पांढरा दोरा तो हाच. येथून पुढे एक पाऊल टाकायचे असेल, तर दुसरा पुरावा लागतो आणि तोही जवळच, पांडवलेण्यांत आहे. तेथील १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांचे लेख आहेत, तर ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे आणि त्यात आपल्या मुलाला ती क्षहरात वंश निःशेष करणारा म्हणते. नहपान त्याच क्षहरात वंशातला. नाणी आणि दोन लेण्यांतील लेख असे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा नाशिकची सत्ता नहपानाच्या घराण्याकडून सातवाहनांकडे गेली, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते.

पण मुले येथे थांबत नाहीत. ‘गौतमीपुत्राने नहपानाला लढाईत तलवारीने मारले’ असे कोणीतरी सांगतेच. नाणे तसे म्हणत नाही. लेख आईने मुलाच्या गौरवासाठी कोरवून घेतलेला आहे, तेव्हा त्यातील विशेषणे वाचताना थोडा हात राखूनच वाचावे, हेही मुलांना येथेच सांगता येते. कौतुक कोण करते आहे यावर पुराव्याचे वजन ठरते. आणि ज्या सुमारे ४ हजार नाण्यांवर दुसरा ठसा नाही, ती तशीच का राहिली? या प्रश्नावर मुलांकडून तीन-चार शक्यता येतात, आणि त्या ‘असेल’ म्हणून लिहून ठेवाव्यात, उत्तर देण्याची घाई करू नये. जाता जाता, ‘पांडवलेणी म्हणजे पांडवांनी कोरलेली’ हे अनुमानही वर्गात ठेवून पाहा. भिंतीवरील लेख बौद्ध भिक्षूंना दिलेल्या दानांविषयी बोलतात. नाव हा पुरावा खरा, पण तो लोक त्या जागेला काय म्हणत आले याचा पुरावा आहे. ती कोणी कोरली याचा नव्हे.

‘असेल’ हा शब्द वर आला तो मुद्दाम. तुमच्या मुलीच्या उत्तरातील खरा दोष मला कर्जात दिसत नाही, क्रियापदात दिसतो. तुमचा प्रश्न होता ‘काय झाले असावे?’ आणि तिने लिहिले ‘तडकले’ आणि ‘काढले होते’. एक गोष्ट पुराव्यावरून निघालेली आणि दुसरी मनात आलेली, पण दोन्ही सारख्याच ठामपणाने सांगितलेल्या. मराठीने अनुमानाचे वजन तोलण्यासाठी ‘असेल’, ‘असावे’ आणि ‘असणार’ अशी घडीव रूपे आयती दिली आहेत, आणि आपण ती व्याकरणाच्या तासाला विध्यर्थ म्हणून, भविष्यकाळ म्हणून पाठ करून घेतो आणि आकलनाच्या तासाला विसरतो. विध्यर्थाच्या अर्थांत ‘तर्क’ हा अर्थ आपण शिकवतोच. तो येथे कामाला लावावा. वर्गापुरता एक संकेत ठरवा. उताऱ्यात विरोधात काही नाही पण बाजूनेही काही नाही, तेव्हा ‘असेल’ : अण्णांनी कर्ज काढले असेल. एक-दोन ओळी तिकडे बोट दाखवतात, तेव्हा ‘असावे’ : मणी तडकले असावेत. आणि दुसरा अर्थ लावणे जवळजवळ अशक्य होते, तेव्हा ‘असणार’ : व्यापारी शुक्रवारी यायचे ठरले असणार. बोलताना आपण ही रूपे इतक्या काटेकोरपणे वापरत नाही, हे मला मान्य आहे, आणि घरी आजी ‘गेला असेल बाजारात’ हे वाक्य पक्की खात्री असतानाही म्हणते. तरी संकेत म्हणून तो फार उपयोगी पडतो, कारण मग मूल नुसते बरोबर की चूक असा विचार न करता किती बरोबर असा विचार करू लागते. तुमच्या मुलीने ‘कर्ज काढले असेल’ असे लिहिले असते, तर मला तिचा एकही गुण कापवला नसता.

गुणदानाचे म्हणाल तर तीन गुणांच्या प्रश्नात ओळीला एक, दुव्याला एक आणि निष्कर्षाला एक असे ठेवा आणि ते मुलांना आधी सांगा. म्हणजे निष्कर्ष चुकला पण वाट प्रामाणिकपणे दाखवली, तर दोन गुण. आणि निष्कर्ष अगदी नेमका पण वाटेचा पत्ता नाही, तर एकच. यावरून पालकांची तक्रार येईल, विशेषतः ज्यांच्या घरी गाइड आहे त्यांची. कारण गाइडात सहसा निष्कर्षच छापलेला असतो. त्यांना मुलाचीच वही दाखवावी. पुढे नववी-दहावीच्या कृतिपत्रिकेत स्वमत लिहिताना याच सवयीचा उपयोग होणार आहे, हे सांगितले की बहुतेकांचे समाधान होते.

पोर्शनची काळजी करू नका. यासाठी वेगळी तासिका सुरुवातीच्या त्या वस्तूंच्या दोन सोडल्या तर लागत नाही. नेहमीच्या पाठातील एकच प्रश्न रोज निवडावा, त्याचे उत्तर तीन छोट्या ओळींत, पाच-सात मिनिटांत लिहून घ्यावे आणि रोज आठ वह्या तपासाव्यात. सहा दिवसांत ४८ होतात. बाकीच्या चाळीस जणांनी शेजाऱ्याच्या वहीतला दुवा वाचून त्यावर ‘पटते’ किंवा ‘पटत नाही’ लिहावे. मुले या बाबतीत आपल्यापेक्षा कठोर परीक्षक असतात.

आता त्या मुलीविषयी. ‘आमच्याकडे असंच असतं’ हा तिचा दुवा होता. प्रश्नपत्रिकेत त्याला जागा नव्हती, म्हणून तिने तो तोंडी सांगितला. द्राक्षांच्या बाबतीत घरची माहिती कामी आली, कारण तिला जोडायला उताऱ्यात थाडथाड आवाज होता, व्यापारी होता. कर्जाच्या बाबतीत जोडायला ओळ नव्हती, त्यामुळे अण्णांच्या घरात तिचे घर शिरले. हे तिला बाकाशी बसून, एकटीला सांगा. वर्गासमोर सांगू नका. तिच्या घरी खरोखरच कर्ज असेल, आणि हे माझे ‘असेल’ आहे, ‘असणार’ नव्हे, हे तुम्हीही लक्षात घ्या. जुना शेरा खोडून ‘कोणत्या ओळीवरून?’ असे लिहा. दीड गुण आहे तो तसाच राहू द्या. मग तोच उतारा तिला पुन्हा द्या, फक्त शेवटी एक ओळ वाढवा : ‘फोन झाल्यावर अण्णांनी कपाटातून सोसायटीचे पासबुक काढले आणि बराच वेळ शेवटचे पान उघडून बसून राहिले.’ उत्तर नव्याने लिहायला सांगा. या वेळी ती ‘कर्ज काढले होते’ असे लिहिते, ‘काढले असेल’ असे लिहिते की ‘काढले असावे’ असे, ते मला अवश्य कळवा.